स्पॅनिशमध्ये भावना बोलायच्या असतील तर: सुब्खुंतिवो आणि 'नेमका आजच पाऊस यावा' वाली ट्रिक

काही वर्षांपूर्वी मी पुण्यात बसून कोलंबियाच्या एका टीमबरोबर काम करायचे. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, त्यामुळे सगळं चॅटवर आणि सगळं झोपेच्या वेळेला. त्या टीममधल्या एका मुलीचे वडील गेले. मला स्पॅनिश शिकून जेमतेम वर्ष झालं होतं, पण अशा वेळी तरी तिच्या भाषेत लिहावं म्हणून मी मोठ्या मायेनं टाइप केलं, 'स्येंतो के तू पापा मुर्यो'. माझ्या डोक्यात अर्थ होता, तुझे बाबा गेले याचं वाईट वाटतं. तिनं फक्त 'ग्रास्यास' लिहिलं, म्हणजे थँक्यू, आणि विषय तिथेच संपला.

सहा महिन्यांनी क्लासमध्ये हा टॉपिक आला तेव्हा कळलं की मी लिहिलेल्याचा सरळ अर्थ होतो 'मला असं जाणवतंय की तुझे बाबा वारले'. भर वर्गात कान गरम झाले. लिहायला हवं होतं 'स्येंतो मूचो के तू पापा आया फायेसीदो'. 'स्येंतो' दोन्हीकडे तेच, वडील तेच, अर्थ फिरवणारा फरक पुढच्या क्रियापदाच्या रूपाचा. त्या रूपाचं नाव सुब्खुंतिवो.

हा लेख त्याबद्दल आहे, आणि सगळ्या सुब्खुंतिवोबद्दल नाही, फक्त भावनांपुरता. आनंद, राग, भीती, लाज, काळजी, आशा एवढंच. बेसिक वर्तमानकाळ येतो आणि 'मे गूस्ता' माहीत आहे असं धरून चालते.

आधी उच्चारांचं सांगून टाकते कारण सगळं देवनागरीत लिहितेय. रोमनमधला एच बोलायचाच नाही, म्हणून वरचं 'आया' लिहिताना सुरुवातीला एच असतो (आपल्या पाळणाघरातल्या आयाशी संबंध नाही). जे ला ख, डबल एल ला य. बी आणि व्ही स्पॅनिशमध्ये एकाच आवाजाचे आहेत, पण स्पेलिंग शोधायला सोपं जावं म्हणून मी बी ला ब आणि व्ही ला व लिहितेय. झेड आणि मऊ सी ला स, म्हणजे लॅटिन अमेरिकेसारखं, स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी तिथे थ ऐकू येईल. त आणि द मात्र अगदी आपले दातावरचे, त्याबाबतीत मराठी माणूस जन्मतःच पास.

आधी हे सोडा: 'सुब्खुंतिवो म्हणजे शंका'

बहुतेक ठिकाणी सांगतात की इंदिकातिवो (क्रियापदाचं साधं, नेहमीचं रूप) म्हणजे खरी गोष्ट आणि सुब्खुंतिवो म्हणजे शंका, इच्छा, काल्पनिक. इच्छेला हे बरोबर बसतं. पण भावनेला बसत नाही आणि तिथेच सगळे अडकतात. समोर माणूस येऊन बसलाय, चहा पितोय, आणि मी म्हणते 'मे अलेग्रा के एस्तेस आकी', तू इथे आहेस याचा आनंद आहे. यात शंका कुठेय? तो आहे की समोर! तरी 'एस्तेस', म्हणजे सुब्खुंतिवो.

हे मला कळलं ते इंग्रजीतून विचार करणं सोडलं तेव्हा. इंग्रजीत हे रूप जवळजवळ मेलेलं आहे, त्यामुळे इंग्रजी पुस्तकातून शिकलं की ते कुठून तरी आकाशातून पडल्यासारखं वाटतं. मराठीत ते जिवंत आहे. ही वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा:

'नेमका आजच पाऊस यावा!'

'इतक्या हुशार पोरानं नापास व्हावं, कमाल आहे.'

'तू मला असं बोलावंस याचं वाईट वाटलं.'

पाऊस आलेला आहे. पोरगं नापास झालेलं आहे. तू बोललेला आहेस. तिन्ही गोष्टी घडून गेल्यात, तरी आपण 'आला', 'झाला', 'बोललास' न म्हणता 'यावा', 'व्हावं', 'बोलावंस' म्हणतो. शाळेत ज्याला विध्यर्थ म्हणून शिकवलं, 'त्याने अभ्यास करावा' वगैरे, तेच रूप इथे कर्तव्य सांगत नाही, इच्छाही सांगत नाही. पाऊस आला ही बातमी तुला देत नाहीये, ती तुला माहीतच आहे, मी फक्त कपाळाला हात लावतेय. असं काहीतरी ते सांगतं.

स्पॅनिशचा सुब्खुंतिवो भावनेनंतर हेच करतो. आपण हे कधीकधी करतो, जरा नाट्यमय मूडमध्ये असलो की. ते जवळजवळ दरवेळी करतात, नेमानं, कंटाळा न करता. एवढाच काय तो फरक.

आनंदाच्या वाक्यात ही ट्रिक जरा पुस्तकी वाटते हे मान्य. 'तू यावंस याचा आनंद झाला' असं कोणी बोलत नाही, 'तू आलास याचा' म्हणतात. पण खुंटी म्हणून वापरा: 'याचा', 'याचं', 'याची' आणि मागे भावना असेल, तर आलास च्या जागी मनात 'यावंस' घालायचं आणि स्पॅनिशमध्ये सुब्खुंतिवो टाकायचा.

पायरी 1: भावना कोणाची, क्रिया कोणाची

वाक्य बनवायच्या आधी हे बघा, कारण कधीकधी सुब्खुंतिवो लागतच नाही आणि लोक उगाच घामाघूम होतात.

'तुला भेटून आनंद झाला.' भेटले मी, आनंदही मला. मराठीत आपण आपोआप '-ऊन' लावतो. स्पॅनिशमध्ये तिथे क्रियापदाचं मूळ रूप येतं, इन्फिनितिवो: 'मे अलेग्रा वेर्ते'. मध्ये 'के' (आपलं 'की') नाही, काही नाही. 'मला गायला आवडतं' तसंच, 'मे गूस्ता कांतार'. म्हणजे मराठीत '-ऊन' किंवा '-आयला' सहज बसत असेल तर इन्फिनितिवो टाका आणि मोकळे व्हा.

आता 'तू गातोस ते मला आवडतं'. गाणारा तू, आवडतं मला. दोन माणसं झाली. इथे '-आयला' बसत नाही, 'तू गायला मला आवडतं' म्हटलं तर कोणीही हसेल. दोन माणसं झाली की मध्ये 'के' आणि पुढे सुब्खुंतिवो: 'मे गूस्ता के कांतेस'.

एक बारीक गोष्ट. 'मे गूस्ता' चं रूप इथे बदलत नाही, समोर एक जण गाऊ दे नाहीतर पन्नास. मराठीत पण 'आवडतं' च राहतं, कारण आवडतं ती माणसं नाही, ते अख्खं 'गाणं' आवडतं. आणि 'मला' ने सुरू होणारी ही वाक्यरचना, मला आवडतं, मला भीती वाटते, मला राग येतो, ही स्पॅनिशच्या 'मे गूस्ता, मे दा म्येदो, मे दा र्राब्या' ला इतकी चपखल बसते की इंग्रजीच्या 'आय लाइक' वरून उलटसुलट उड्या मारत जाणाऱ्यांची मला खरंच दया येते.

पायरी 2: मधला शब्द 'के' आहे की 'पोर्के'

'तू आलास म्हणून मी खूश आहे' आणि 'तू आलास याचा मला आनंद आहे', बोलताना दोन्ही एकच. स्पॅनिशमध्ये नाही. 'म्हणून' किंवा 'कारण' असलं की 'पोर्के', आणि त्याच्यापुढे साधा इंदिकातिवो: 'एस्तोय फेलीस पोर्के विनीस्ते'. 'याचा' असलं की 'दे के', आणि पुढे सुब्खुंतिवो: 'एस्तोय फेलीस दे के आयास वेनीदो'.

म्हणजे बोलताना ऐनवेळी सुब्खुंतिवोचं रूप आठवलं नाही तर 'पोर्के' घालून सुटता येतं. ही पळवाट आहे, मी अजूनही वापरते, लाज नाही. तसंच 'क्वांदो', म्हणजे 'जेव्हा'. 'तू येतोस तेव्हा मला बरं वाटतं' अशी नेहमीची गोष्ट असेल तर इंदिकातिवोच.

पायरी 3: रूप बनवायचं कसं

वर्तमानकाळातलं 'मी' चं रूप घ्या. 'आब्लो', मी बोलते. शेवटचा ओ काढा. आता उलटं करायचं: जे क्रियापद मुळात '-आर' वालं आहे (आब्लार) त्याला ए लावा, आणि जे '-एर' किंवा '-इर' वालं आहे त्याला आ लावा. आब्लो चं आब्ले. कोमो (मी खाते) चं कोमा. वीवो (मी राहते) चं वीवा. नेहमी आ लावणाऱ्याला ए आणि नेहमी ए लावणाऱ्याला आ, जसं काही दोघांनी चपलांची अदलाबदल केली.

सगळी रूपं अशी: मी आब्ले, तू आब्लेस, तो/ती आब्ले, आम्ही आब्लेमोस, ते/तुम्ही सगळे आब्लेन. स्पेनमध्ये मित्रमंडळींना 'तुम्ही' म्हणायचं वेगळं रूप आहे, 'आब्लेइस', लॅटिन अमेरिकेत ते वापरत नाहीत. आदरार्थी 'उस्तेद', म्हणजे आपलं एका माणसाला म्हटलेलं 'तुम्ही', ते तिसऱ्या पुरुषाचंच रूप घेतं: 'मे अलेग्रा के उस्तेद एस्ते ब्येन', तुम्ही बरे आहात याचा आनंद आहे. क्लायंटशी आणि कोणाच्या आजीशी असं बोला.

'मी' च्या रूपापासून सुरुवात का करायची, तर त्या रूपात जी विचित्रता असते ती तशीच पुढे येते. तेंगो चं तेंगा, वेंगो चं वेंगा, आगो चं आगा, दीगो चं दीगा, साल्गो चं साल्गा, पोंगो चं पोंगा, कोनोस्को चं कोनोस्का. फुकटात सात मिळाली.

काही क्रियापदांत मधला स्वर फुटतो, पोदेर (शकणं) चं 'प्वेदा', पण 'आम्ही' ला परत 'पोदामोस'. हे वर्तमानकाळातही असंच होतं त्यामुळे नवीन काही नाही. '-इर' वाल्यांमध्ये मात्र 'आम्ही' च्या रूपातही थोडी गडबड राहते: दोर्मीर चं 'द्वेर्मा' पण 'दुर्मामोस', सेंतीर चं 'स्येंता' पण 'सिंतामोस'. हे पाठच करायचं.

मग स्पेलिंगची भानगड. बोलताना काहीच फरक नाही, लिहिताना आहे. उदाहरण आपल्या जवळचं घेते. 'पगार' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, आणि स्पॅनिशमध्येही 'पागार' म्हणजे पैसे देणं. त्याचं सुब्खुंतिवो 'पागे'. पण रोमनमध्ये नुसतं जी आणि ई लिहिलं तर त्याचा उच्चार 'पाखे' होईल, म्हणून मध्ये एक मुका यू घालतात. 'एस्पेरो के मे पागेन', माझा पगार होईल अशी आशा आहे. महिनाअखेरीला म्हणून बघा, रूप कायमचं पाठ होतं. 'बूस्के' (शोधणं) मध्ये असंच सी चं क्यू आणि यू होतं, 'येगे' (पोचणं) मध्ये पागे सारखाच यू.

आणि सहा क्रियापदं कुठल्याच नियमात नाहीत: सेर चं सेआ, एस्तार चं एस्ते, आबेर चं आया, साबेर चं सेपा, दार चं दे, आणि ईर चं वाया. ईर म्हणजे जाणं, त्याचं वाया, म्हणजे 'वाया गेला' लक्षात ठेवलं की झालं. हे मला एकाही पुस्तकात मिळालं नाही, बसच्या रांगेत सुचलं. 'मे दा पेना के ते वायास', तू चाललास याचं वाईट वाटतंय. 'एस्ते' मध्ये जोर शेवटच्या ए वर द्या आणि लिहिताना त्यावर तिरकी रेघ, नाहीतर त्याचा अर्थ 'हा' होतो.

पायरी 4: काळ

इथे लोक घाबरतात पण प्रश्न दोनच आहेत. भावना आत्ताची आहे की तेव्हाची? आणि गोष्ट घडून गेलीय की नाही?

भावना आत्ताची, गोष्ट आत्ताची किंवा पुढची: वर शिकलो ते साधं रूप. 'मे अलेग्रा के वेंगास' म्हणजे तू येतोयस याचाही आनंद आणि तू उद्या येणार आहेस याचाही. भविष्यासाठी वेगळं रूप शोधत बसू नका. एकेकाळी होतं, आता ते कायद्याच्या भाषेत आणि काही म्हणींमध्ये उरलंय, बोलण्यात कोणी वापरत नाही.

भावना आत्ताची, गोष्ट घडून गेलेली: 'आया' आणि पुढे भूतकाळवाचक धातुसाधित. 'मे अलेग्रा के आयास वेनीदो', तू आलास याचा आनंद आहे. माझा तो शोकसंदेश याच खोक्यातला. एचो (केलेलं), दीचो (म्हटलेलं), वीस्तो (पाहिलेलं), मुएर्तो (मेलेलं) ही वेडीवाकडी धातुसाधितं आधीच येत असतील तर काम सोपं.

भावनाच तेव्हाची: आता दुसरं रूप लागतं. साध्या भूतकाळातलं 'ते' चं रूप घ्या, विन्येरोन (ते आले), '-रोन' उडवा, '-रा' लावा: विन्येरा. दिखेरोन चं दिखेरा, इस्येरोन चं इस्येरा, तुव्येरोन चं तुव्येरा, आब्लारोन चं आब्लारा. फ्वेरोन चं फ्वेरा, आणि हे 'असणं' आणि 'जाणं' दोन्हीसाठी एकच, संदर्भावरून समजून घ्यायचं. 'मे दीओ पेना के ते फ्वेरास', तू गेलास तेव्हा मला वाईट वाटलं. 'विन्येसे' असं '-से' वालं जोडरूपही आहे, स्पेनमध्ये आणि पुस्तकांत भेटेल. वाचता आलं की पुरे, बोलायला '-रा' वापरा.

'मे गुस्तारीआ के', म्हणजे 'मला आवडेल', याच्यामागेही हेच '-रा' येतं, जरी गोष्ट उद्याची असली तरी. 'मे गुस्तारीआ के विन्येरास', तू आलास तर मला आवडेल. आता बघा, मराठीत पण आपण उद्याच्याच गोष्टीला 'आलास तर' म्हणतो, भूतकाळाचं रूप! त्यामुळे याचं आश्चर्य आपण तरी करायला नको.

काळाचा खेळ सगळ्यात छान कळतो तो 'ओखाला' मध्ये. हा शब्द अरबीतून आलाय, मूळ अर्थ 'देवाची इच्छा असेल तर'. इसवी सन 711 पासून 1492 मध्ये ग्रानादा पडेपर्यंत त्या द्वीपकल्पात मुस्लिम राज्यं होती, त्या काळाची ही आठवण. पोर्तुगीजमध्ये तोच शब्द 'ओशाला' होतो, गोव्यात ज्यांच्या घरी जुनी पोर्तुगीज जाणणारी माणसं आहेत त्यांनी विचारून बघा, त्यांच्या भाषेतही पुढे असंच बदललेलं क्रियापद येतं. तर ओखाला चे तीन मजले:

'ओखाला युएवा', पाऊस येवो. ढग आहेत, आशा आहे.

'ओखाला योव्येरा', पाऊस आला तर काय बहार होईल. मे महिना, आकाश कोरडं ठणठणीत.

'ओखाला उब्येरा योवीदो', पाऊस आला असता तर! पेरणी वाया गेल्यावर.

येवो, आला तर, आला असता तर. तीन रूपं मराठीतही आणि तीन तिथेही. मला हा तक्ता सापडला त्या दिवशी मी घरच्यांना बोलावून दाखवला होता, कोणाला काही कौतुक वाटलं नाही.

कुठली भावना, कुठला शब्द

आता साठा. आनंदासाठी दोन आहेत आणि त्यात गोंधळ हमखास होतो: 'मे अलेग्रा के' आणि 'मे अलेग्रो दे के'. पहिल्यात ती गोष्ट मला आनंद देते, म्हणून 'दे' नाही. दुसऱ्यात मी स्वतः आनंदते, म्हणून 'दे' हवा. 'मे अलेग्रा दे के' ही चूक धरतात, आणि 'मे अलेग्रो के' असं दे खाऊन बोलणारे खुद्द स्पॅनिश लोक पुष्कळ आहेत पण परीक्षेत खाऊ नका. खूपच आवडलं तर 'मे एंकांता के'.

रागाच्या पायऱ्या आहेत. 'मे मोलेस्ता के फूमेस', तू सिगरेट ओढतोस त्याचा मला त्रास होतो. हा शब्द इंग्रजीतल्या 'मोलेस्ट' या भयंकर शब्दासारखा दिसतो पण इथे साधा त्रास, कटकट एवढाच अर्थ. त्याच्यावर 'मे दा र्राब्या के', संताप. 'एस्तोय आर्तो दे के', वीट आलाय, बाई बोलत असेल तर 'आर्ता'. 'ओद्यो के मे म्येंतान', माझ्याशी खोटं बोललेलं मला अजिबात खपत नाही. आणि मोलेस्ता प्रश्नात घातला की एकदम सभ्य होतो: 'ते मोलेस्ता के आब्रा ला वेंताना?', खिडकी उघडली तर चालेल ना? हे वाक्य तोंडपाठ करा, रोज लागतं.

भीती आणि काळजी: 'मे दा म्येदो के', 'मे प्रेओकूपा के'. आश्चर्य: 'मे सोर्प्रेंदे के', आणि जरा खटकलं असेल तर 'मे एक्स्त्रान्या के'. खंत: 'स्येंतो के', 'लामेंतो के', 'एस ऊना लास्तिमा के', किंवा नुसतं 'लास्तिमा के नो प्वेदास वेनीर', तुला यायला जमत नाही, अरेरे. आशा: 'एस्पेरो के', ज्यानं स्पॅनिशमधली निम्मी ईमेलं सुरू होत असावीत, 'एस्पेरो के एस्तेस ब्येन', तू बरी असशील अशी आशा.

'मे दा पेना' सांभाळून. स्पेनमध्ये आणि बऱ्याच ठिकाणी याचा अर्थ वाईट वाटणं, दया येणं. मेक्सिको, कोलंबिया, मध्य अमेरिकेत त्याचा अर्थ लाज वाटणं, संकोच वाटणं असाही आहे, आणि तोच आधी डोक्यात येतो. तिथे दुःख म्हणायचं असेल तर 'मे दुएले के' किंवा 'मे पोने त्रीस्ते के' जास्त सेफ. आणि 'मी खूप एक्सायटेड आहे' असं म्हणायला 'एक्सितादा' वापरू नका, बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ भलताच, बेडरूममधला होतो. 'मे एमोस्योना के' म्हणा, स्पेनमध्ये 'मे आसे इलुस्योन के'.

एवढ्याशिवाय छोट्या शुभेच्छा आहेत ज्या फक्त 'के' ने सुरू होतात, पुढची भावना गिळलेली असते. 'के ते मेखोरेस', लवकर बरी हो. 'के देस्कान्सेस', नीट झोप. 'के ते वाया ब्येन', तुझं चांगलं होवो. 'के द्योस ते बेंदीगा', देव तुझं भलं करो. आपल्या होवो, करो, लाभो सारखंच, फक्त आपण ते पत्रिकेत आणि कीर्तनात ठेवलंय आणि त्यांचा रिक्षावाला सुद्धा उतरताना म्हणतो.

जिथे मराठी आपल्याला फसवते

आत्तापर्यंत मराठीचं कौतुक केलं, आता तिचा दगा. 'वाटतं'.

'मला भीती वाटते', 'मला वाईट वाटतं', 'मला वाटतं'. आपल्यासाठी सगळं वाटणंच. पण नुसतं 'मला वाटतं' म्हणजे मत, भावना नाही. 'मला वाटतं ती दमलीये' हे 'क्रेओ के एस्ता कान्सादा', साधा इंदिकातिवो. 'ती दमलीये याचं वाईट वाटतं' हे 'स्येंतो के एस्ते कान्सादा', सुब्खुंतिवो. वाटतं च्या आधी भीती, वाईट, लाज, आश्चर्य असं काही आहे का ते बघा. नसेल तर ते मत.

मताला नकार दिला की मात्र ते फिरतं: 'नो क्रेओ के एस्ते कान्सादा'. भावनेचं तसं नाही, 'मे मोलेस्ता के' असो की 'नो मे मोलेस्ता के', दोन्हीकडे सुब्खुंतिवोच.

'स्येंतो के' चे दोन अर्थ तर सुरुवातीलाच भोगून झाले. इंदिकातिवो लावला की 'मला जाणवतंय', सुब्खुंतिवो लावला की 'मला वाईट वाटतंय'. तसाच 'मे तेमो के': हॉटेलवाला 'मे तेमो के नो आय मेसास' म्हणतो तेव्हा तो घाबरलेला नसतो, टेबल नाही हे गोड भाषेत सांगत असतो, म्हणून इंदिकातिवो. खरी भीती असेल तर 'तेमो के नो आया मेसास', टेबल मिळणार नाही की काय.

'मेनोस माल के' हा अजून एक. शब्दशः 'कमी वाईट', अर्थ आपलं 'बरं झालं', आणि भावना असूनसुद्धा याला नेहमी इंदिकातिवो लागतो. का, तर माहीत नाही असं माझ्या सरांनीही प्रामाणिकपणे सांगितलं होतं. 'मेनोस माल के त्राखीस्ते एल पाराग्वास', बरं झालं छत्री आणलीस.

आणि मेक्सिकोत किंवा आसपास कोणी 'के ब्वेनो के विनीस्ते' म्हटलं, बरं झालं आलास, तर त्यांना सुधारायला जाऊ नका. लॅटिन अमेरिकेत 'के ब्वेनो के' नंतर इंदिकातिवो सर्रास चालतो. स्पेनमधला माणूस तिथे 'के ब्येन के आयास वेनीदो' म्हणेल.

आता स्वतः करा

उत्तरं लगेच पुढे आहेत, हातानं झाका.

'इथे राहायला आवडतं.' एकच माणूस, '-आयला' बसलं: मे गूस्ता विविर आकी. 'तुम्ही सगळे इथे राहता ते मला आवडतं.' दोन पार्ट्या: मे गूस्ता के उस्तेदेस वीवान आकी. 'आई एकटी प्रवास करते याची काळजी वाटते.' मे प्रेओकूपा के मी मामा व्याखे सोला. इथे व्याखे हे 'व्याखार' क्रियापदाचं रूप आहे, 'प्रवास' हे नामही दिसायला तसंच, गोंधळू नका. 'त्यांनी मला बोलावलं नाही याचा राग आला.' राग तेव्हाचा, म्हणून '-रा': मे दीओ र्राब्या के नो मे इन्वितारान. 'त्यांनी बोलावलं नाही म्हणून मी चिडले.' 'म्हणून' आलं, पोर्के: मे एनोखे पोर्के नो मे इन्वितारोन. शेवटची दोन परत परत म्हणा, इन्वितारान आणि इन्वितारोन, एका स्वराचा फरक आहे आणि त्या स्वरात सगळा धडा आहे.

सवय लागायला मी एक केलं होतं. रोज रात्री दिवसभरात ज्याच्यावर चिडले किंवा ज्याचं बरं वाटलं त्याची तीन वाक्यं वहीत लिहायची, एक आत्ताचं, एक 'आया' वालं, एक '-रा' वालं. पहिल्या महिन्यात वहीभर शेजारच्यांच्या गाडीचं पार्किंग होतं. 'मे मोलेस्ता के पोंगान एल कार्रो आकी' हे मी आजही झोपेत म्हणू शकते.

मागच्या वर्षी त्या कोलंबियाच्या मुलीला प्रमोशन मिळालं. मी पाच मिनिटं घेऊन लिहिलं, 'मे अलेग्रा मुचीसिमो के ते आयान दादो एल प्वेस्तो', तुला ती पोस्ट मिळाली याचा खूप खूप आनंद झाला. तिनं लगेच उत्तर पाठवलं, 'ओखाला वेंगास आ बोगोता आल्गून दीआ', कधीतरी बोगोताला ये. मी लिहिलं, 'ओखाला प्वेदा'. मग तिकिटाचे भाव बघितले आणि आता 'ओखाला पुद्येरा' म्हणते.